पाहुण्यांच्या बाजूची गर्दी

आमच्या घरमालकीणबाई सोयराबाई लाड नेमका कसला धंदा करतात, हे इकडे कानडी मुलखात, बनशंकरीला राहायला आल्यावर बरेच दिवस मला कळलंच नव्हतं. मी वरच्या मजल्यावर, त्या खाली. सकाळी ऑफिसची कॅब पकडायला उतरले की त्या पायरीवर बसून फोनवर बोलत असायच्या. "हसणाऱ्या पाहिजेत की रडणाऱ्या? रडणाऱ्या पाहिजे तर आदल्या दिवशी सांगा. आमच्या विमलाला तयारी लागतीय."

मी पुण्याची. महादेवपुऱ्यात दिवसभर हिंदी-इंग्रजी बोलून घरी येणारी. मला वाटलं, बाई नाटक कंपनी चालवत असाव्यात. मग एका रविवारी टीव्हीवर कुठल्याशा गाण्याच्या स्पर्धेत डोळे पुसणारी एक बाई दिसली आणि ती आमच्याच पायरीवर बसून मटार सोलणारी विमला निघाली.

सोयराक्का गर्दी पुरवायच्या. गल्लीत त्यांना सगळे आक्काच म्हणत. टीव्हीचे कार्यक्रम, पुढाऱ्यांच्या सभा, दागिन्यांच्या दुकानाचं उद्घाटन, कुणाच्या तरी आत्मचरित्राचं प्रकाशन. जिथे खुर्च्या जास्त आणि माणसं कमी, तिथे आक्कांच्या चाळीसेक बायका जायच्या. सुरुवात भजनी मंडळातून झाली होती. मंडळाला एकदा एका चॅनेलनं प्रेक्षक म्हणून बोलावलं, तिथला मॅनेजर बायकांना पाणीसुद्धा विचारत नव्हता, आणि टाळ्या कधी वाजवायच्या हे त्यालाच माहीत नव्हतं. "येवडंच काम हाय तर मीच करते की," असं म्हणून आक्कांनी पुढच्या वेळी चॅनेलशी थेट बोलणं केलं. सभेची टाळी वेगळी, सत्काराची वेगळी, आणि भाषण संपलं असं वक्त्याला कळावं म्हणून वाजवायची तिसरीच, हे त्या बायकांना समुदाय भवनात बसवून शिकवायच्या. कुठल्याही पक्षाचं त्यांना वावडं नव्हतं. सकाळी एकाचा जयजयकार आणि संध्याकाळी त्याच्या विरोधकाचा, मधे जेवण.

त्यांचे यजमान संताजीकाका अगदी उलट. बस डेपोतून निवृत्त झालेले, ताठ, आणि देशप्रेमी. त्यांचं देशप्रेम मुख्यतः टीव्हीसमोर चालायचं. मॅचआधी राष्ट्रगीत लागलं की काका दिवाणखान्यात सावधान. घरातल्या सगळ्यांनी सावधान. एकदा मी भाडं द्यायला खाली गेले आणि नेमकं राष्ट्रगीत सुरू झालं. मी उभी राहिले, ते ठीक. पण काकांनी न्हाणीघराच्या दिशेनंही हाक मारली, "उभी हाईस न्हवं?" आतून आक्का ओरडल्या, "अवो, उभ्यानंच आंघोळ करते मी!"

आमचं राष्ट्रगीत संपलं की काका बसायचे. समोरच्या देशाचं सुरू झालं की शेंगा फोडायला घ्यायचे. "ते त्यांचं त्यांनी बघावं," म्हणायचे.

तर या घरात एके दिवशी शेषगिरी आला. शेषगिरी कार्यक्रम भरवणाऱ्यांपैकी. कपाळाला घाम आणि हातात दोन फोन. पारंपरिक कुस्त्यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव होता, दोनतीन देशांचे पैलवान येणार होते. मुख्य लढती मंगोलियाच्या पैलवानांशी. आपल्या बाजूची गॅलरी भरणार याची त्याला खात्री होती. अडचण समोरच्या बाजूची होती.

"आक्का, नऊ जण आलेत बघा तिकडून. पैलवान, कोच, डॉक्टर धरून नऊ. त्यांच्यामागं सगळ्या खुर्च्या रिकाम्या. टीव्हीवर कसं दिसेल? आणि त्यांच्या दूतावासातले मोठे साहेब येणार."

"म्हणजे आम्ही तिकडल्या बाजूनं बसायचं?"

"बसायचं, झेंडे हलवायचे, त्यांचं राष्ट्रगीत लागलं की उभं राहायचं. म्हणता आलं तर फार चांगलं."

"आणि ते हरले तर?"

शेषगिरीनं विचार केला. "स्वल्प वाईट वाटून घ्यायचं."

"सरी," म्हणजे ठीक आहे, आक्का म्हणाल्या. "विमला हाय."

आतल्या खोलीतून काका बाहेर आले ते लाल होऊनच. दुसऱ्या देशाच्या गाण्यावर आपली बायको उभी राहणार, तेही आपल्या पैलवानांसमोर, हे त्यांना सहन होणं शक्य नव्हतं. त्यांनी छत्रपतींपासून सुरुवात केली. लाड घराणं कुणाबरोबर दक्षिणेत उतरलं, कुणाच्या फौजेत होतं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या फौजेत समदे फुकट लढत होते व्हय?" त्यावर काका दोन दिवस बोलले नाहीत. आक्कांनी ते दोन दिवस तयारीला वापरले.

तयारीत मी सापडले. "सुखदा, तुझ्या कंप्युटरात बग की, कसलं गाणं हाय त्यांचं." मी शोधलं, ऐकवलं आणि एकेक ओळ देवनागरीत उतरवून फळ्यावर लिहिली. समुदाय भवनात चाळीस बायका त्या फळ्याकडे बघत बसल्या, मोतीबिंदूचा डॉक्टर अक्षरं वाचायला लावतो तशा. भाषा कशालाच लागत नव्हती. मराठीला नाही, कन्नडला नाही. एका ठिकाणी विमलाला स्पष्ट 'दहीभात' ऐकू यायचं आणि ती आत्मविश्वासानं तसंच म्हणायची. शेवटी आक्कांनी निर्णय दिला की पहिल्या चार ओळी पाठ करायच्या, पुढे नुसता सूर लावायचा, पण मान वर ठेवून. खरं सांगते, भजनी मंडळाच्या गळ्यांमुळे ते इतकं भारदस्त वाटायचं की बाहेरून जाणारा माणूस चप्पल काढायचा.

गाण्यापेक्षा नाच अवघड निघाला. मंगोलियाचा पैलवान लढतीआधी गरुडासारखे हात पसरून, पंख हलवत, सावकाश फिरतो. जिंकला की पुन्हा फिरतो. आणि हरलेला माणूस जिंकलेल्याच्या उचललेल्या हाताखालून वाकून जातो, म्हणजे मानलं बाबा तुला. हे सगळं आम्ही फोनवर पाहिलं. शेषगिरी म्हणाला, बायकांनीही जागेवर उभं राहून पंख हलवले तर कॅमेऱ्याला आवडेल.

मग संध्याकाळी आमच्या गच्चीवर पदर खोचून चाळीस गरुड. समोरच्या इमारतीतल्या एका आजोबांनी मला बोलावून विचारलं, हा योगाचा कुठला प्रकार, गुडघ्याला चालेल का.

"असं फडफड करू नका गं," आक्का ओरडायच्या. "कोंबडी न्हवं ती! सावकाश. जसं काय खाली समदं आपलंच हाय."

सामन्याच्या दिवशी मीही गेले, फळा मीच लिहिला होता म्हणून. आमची बाजू लाल-निळ्या झेंड्यांनी भरलेली. पुढच्या रांगेत ते नऊ जण. त्यांनी मागे वळून पाहिलं आणि चाळीस नऊवारी-सहावारी बायका बघून त्यांचा कोच काहीतरी पुटपुटला. मला वाटतं तो मनाशी ताडून बघत होता की आपण बरोबर शहरात आलोय ना.

त्यांचा मुख्य पैलवान गानबोल्ड. चाळिशीकडे झुकलेला, दाराएवढा रुंद, चेहऱ्यावर कमालीची शांती. बायकांनी पाच मिनिटांत त्याचं गणप्पा करून टाकलं.

समोरच्या गॅलरीत देवनहळ्ळीहून ट्रक भरून आलेली माणसं होती. आपला पैलवान रणजीत तिथल्या तालमीचा. पंचविशीतला, घोटीव. आणि त्या सगळ्यांमधे, तिकीट काढून, शेंगांची पुडी घेऊन, संताजीकाका. आक्कांना सांगितलं नव्हतं त्यांनी.

आधी पाहुण्यांचं राष्ट्रगीत लागलं. आमच्या बाजूला सगळ्या उभ्या. समोरच्या बाजूला निम्मे उभे, निम्मे बसलेले, कुणी सेल्फी काढतोय, कुणी चुरमुरी मागवतोय, एका टोळक्यानं तर शिट्टीवर त्या सुरांची नक्कल सुरू केली. आक्का गात होत्या. पहिल्या दोन ओळी झाल्या आणि त्यांना नवरा दिसला. पाय पसरून बसलेला. शेंग फोडत.

मी त्यांच्या शेजारीच होते, त्यामुळे पुढचं मला नीट दिसलं. आक्कांनी गाणं सोडलं नाही. पण तिसरी ओळ त्यांनी त्या देशासाठी गायली नाही, नवऱ्यासाठी गायली. डोळे त्याच्यावर रोखून, एकेक अक्षर दातांखाली चावून. तरी तो हलेना. तेव्हा त्यांनी चौथ्या ओळीच्या जागी, त्याच चालीत, त्याच भक्तिभावानं गायलं, "ऊठ की मेल्या, लाज न्हाई का, घरी ये मग बगते तुला!"

मागच्या बायकांनी, चौथी ओळ आपणच विसरलो असं समजून, आक्कांच्या मागोमाग तेच म्हटलं. चाळीस आवाजांत. काका उठले. मांडीवरची टरफलं सगळी पुढच्या माणसाच्या डोक्यावर. आणि ते उठले म्हणून त्यांच्या आजूबाजूची आठदहा माणसंही उठली, काय झालं ते बघायला. दूतावासातले साहेब समोर बघत, छातीवर हात ठेवून उभे होते. त्यांना आमचे उच्चार कसे वाटले देव जाणे.

मग गानबोल्ड मधे आला आणि त्यानं पंख पसरले.

काय हशा झाला म्हणून सांगू! देवनहळ्ळीची अख्खी गॅलरी कोकलायला लागली. कुणी कोंबड्यासारखं आरवलं, कुणी काव काव केलं. तो माणूस मात्र आपल्या कोचभोवती सावकाश फिरत राहिला, वर कुठेतरी बघत. लगेच आपला रणजीत पुढे आला, त्यानं गादीला हात लावून कपाळाला लावला, मांडीवर फाडकन शड्डू ठोकला, आणि तीच गॅलरी गहिवरून उभी राहिली.

"बगितलंस?" आक्का मला म्हणाल्या. "आपला मांड्या बडवतो ती परंपरा. तो हात हलवतोय ती कोंबडी." आणि त्या खुर्चीवर चढल्या. "उठा गं! पंख!"

चाळीस बायकांनी हात पसरले. खरं तर हे त्यांच्या कामातलंच होतं, ठरलेलं. पण गच्चीवर त्या असं कधीच करत नव्हत्या. समोरून जितकं आरवणं वाढलं तितके यांचे हात सावकाश होत गेले. विमलाच्या तर डोळ्यांत पाणी होतं, आणि तिला मी नंतर विचारलं तर म्हणाली, "आज तयारी केली नव्हती गं."

कुस्ती रंगली. बराच वेळ नुसती पकडापकडी, मग गानबोल्डनं उचललं, आता गेला रणजीत असं वाटलं, आणि त्या पोरानं हवेतल्या हवेत पाय अडकवला. दोघं पडले. पाठ गानबोल्डची लागली.

छत उडेल एवढा आरडाओरडा. गानबोल्ड उठला, त्यानं आपल्या अंगावरच्या आखूड जाकिटाची दोरी सोडली आणि रणजीतकडे गेला. हाताखालून जायला तो वाकला. रणजीतला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला तालमीत एवढंच शिकवलेलं, समोरचा वयानं मोठा असेल तर जिंकलास तरी पाया पडायचं. तोही वाकला. दोघंही मनापासून, वेगात, एकाच वेळी.

तो आवाज मला आमच्या रांगेपर्यंत ऐकू आला. नारळ फोडल्यासारखा.

गानबोल्डची भुवई फुटली. रक्त आलं. रणजीत डोकं धरून झोकांड्या खात होता. गॅलरीला वाटलं, मारामारी जुंपली. माणसं कठड्यावरून उतरायला लागली. शेषगिरी दोन्ही फोनवर एकदमच ओरडत होता.

आता काय करायचं हे आपल्याला माहीत आहे, असं आक्कांना वाटलं. रणजीतनं हात वर करायचा आणि पाहुण्यानं खालून जायचं, संपलं. म्हणून त्या खुर्चीवरून, बेंबीच्या देठापासून, कन्नडमधे ओरडल्या, "रणजीता! कै मेले माडो!" हात वर कर. पण त्या गोंगाटात मधलं 'मेले' कुठेतरी गळून पडलं, आणि 'कै माडो' एवढंच सगळ्यांना ऐकू आलं. कन्नडमधे त्याचा अर्थ होतो, हाण त्याला.

रणजीतनं गोंधळून हात वर केला. ते पाहून दोन पोलीस आणि पंच धावत आले आणि त्या हाताला लोंबकळले. रणजीत एवढा तगडा की हात काही खाली येईना. तिघं लटकलेले. गानबोल्डनं पंजानं डोळ्यावरचं रक्त पुसलं, समोर बघितलं, हात वर आहे असं पाहिलं, आणि पोलिसाचे पाय जरा बाजूला सारून शांतपणे खालून वाकून गेला.

क्षणभर कुणाला काही समजेना. मग रणजीत हसायला लागला. त्याला हसताना पाहून गानबोल्ड हसला, मग पोलीस, आणि मग ती देवनहळ्ळीची गॅलरी. पण आता ते हसणं निराळं होतं. मगाशी आरवणाऱ्यांपैकी एकानं टाळ्या सुरू केल्या. रणजीतनं खुणेनं विचारून घेतलं, आणि गानबोल्डनं त्याचे कोपर धरून त्याला पंख कसे हलवायचे ते दाखवलं. फार वाईट हलवले त्यानं. आक्का म्हणाल्या, "खांदा सोड की रे!" पण या वेळी मराठीत.

दुसऱ्या दिवशी फोनांवर दोन व्हिडिओ फिरत होते. एकात आमच्या बायका परदेशी झेंडे घेऊन पंख हलवताना, खाली लिहिलेलं, आपल्याच गावातले गद्दार. दुसऱ्यात आक्का खुर्चीवर उभ्या राहून ओरडताना, खाली लिहिलेलं, परदेशी पाहुण्याला मारायची चिथावणी देणारी बाई. दोन्ही हजारो लोकांनी पुढे पाठवलेले. कितीतरी जणांनी तर दोन्ही.

पोलीस ठाण्यातून बोलावणं आलं. काका बरोबर गेले, मीही. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वाटेत रिक्षात ते एकच वाक्य बोलले, "बोलायचं मी बगतो." तिथे गेल्यावर बोलल्या आक्काच.

इन्स्पेक्टरनं दोन्ही व्हिडिओ दाखवले. आक्कांनी ते लक्ष देऊन पाहिले. "साहेब, मी त्यांच्या बाजूची हाय की त्यांच्यावर उठलेली, ते आदी तुम्ही ठरवा. मग मी कबूल करते."

इन्स्पेक्टरला हसू आवरेना. तेवढ्यात शेषगिरी गानबोल्डला घेऊन आला. त्याच्या भुवईवर पट्टी. त्यानं दुभाष्यामार्फत सांगितलं की माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही, डोकं माझंही कडकच होतं. मग त्यानं आक्कांसमोर पिशवी धरली. आत त्यांच्याकडचं वाळवलेलं दही, पांढऱ्या खड्यांसारखं. सगळ्या बायकांसाठी. आक्कांनी एक तोंडात टाकला, बराच वेळ गालात ठेवला आणि म्हणाल्या, "चांगलं हाय." विमलाचा त्यावर दात तुटला, पण ते नंतर.

जाताना आक्कांनी दुभाष्याला विचारलं, "आमचं गाणं कसं वाटलं, विचार की."

गानबोल्डनं जरा विचार केला. दुभाष्या म्हणाला, "ते म्हणतात, शब्द ओळखू आले नाहीत. पण चौथी ओळ फार मनापासून म्हटलीत."

काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

घरी एक बदल झाला. काका आता दोन्ही देशांच्या राष्ट्रगीतांना उभे राहतात. कुणी सांगितलं नाही, भांडण झालं नाही. फक्त मोठी स्पर्धा आली की कुरकुरतात, "किती देश काढलेत लोकांनी!" एकदा एका छोट्या देशाचं राष्ट्रगीत फारच लांब निघालं, तेव्हा काकांनी मधेच खुर्चीच्या पाठीला हात टेकवला. आक्का स्वयंपाकघरातून खोकल्या. काकांनी हात काढला.

धंद्याचं मात्र थोडं नुकसान झालं. वॉर्डातल्या एका इच्छुक उमेदवारानं गद्दार बायका नकोत म्हणून सभेचं काम काढून घेतलं. महिन्याभरानं तोच परत आला. तो व्हिडिओ फारच चालला होता. "आक्का, माझ्या एंट्रीला त्या बायकांनी तसेच पंख हलवले तर?"

"टाळ्या मिळतील, घोषणा मिळतील," आक्का म्हणाल्या. "पंख बेडा. पंख न्हाई मिळायचे."

"का हो?"

"खांदे दुकतात बायकांचे."

विमला तिथेच बसली होती. दोन्ही हात डोक्यावर नेऊन अंबाडा बांधत होती.

परवा एका सिमेंट कंपनीच्या वार्षिक समारंभाला त्यांना बोलावलं होतं. मोठं हॉटेल, गार हवा, गोल टेबलं. मधेच निवेदकानं जाहीर केलं की आता कंपनीचं गीत होईल, सर्वांनी सन्मानानं उभं राहावं. चेअरमन उठले, मॅनेजर उठले, वेटरसुद्धा ट्रे घेऊन ताठ झाले. पडद्यावर सिमेंटची पोती सूर्योदयात चमकायला लागली.

विमलानं आक्कांकडे पाहिलं. सगळ्या टेबलांवरच्या बायकांनी पाहिलं. आक्का बसून होत्या. त्यांनी गुलाबजामची वाटी पुढे ओढली आणि चमचा घातला.

कंपनीचा एक माणूस वाकून वाकून त्यांच्यापर्यंत आला. "मॅडम, प्लीज, अँथम आहे."

"कुठल्या देशाचं?" आक्कांनी विचारलं.

तो वाकलेलाच मागे गेला. चाळीसही बायका बसून राहिल्या, आणि गीत संपल्यावर त्यांनी ठरल्याप्रमाणे टाळ्या वाजवल्या, सत्काराच्या, अगदी व्यवस्थित. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही. गुलाबजाम चांगले होते, एवढं आक्का अजून सांगतात.